उजवा सँपल, डावा ब्लँक

घरगुती उपाय सांगणारा प्रत्येक माणूस ‘सकाळी उठल्यावर’ अशी सुरुवात करतो. आमची सकाळ दर आठवड्याला जागा बदलते. फर्स्ट शिफ्टला ती पहाटे साडेपाचला होते, सेकंडला आठ-नऊला, आणि नाईट असली की दुपारी तीनला, शेजारची पोरं शाळेतून येऊन गल्लीत बॅट आपटायला लागतात तेव्हा. मी मोहोपाड्यात राहतो. पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे आणि नोकरीची सगळी वर्षं या तीन पाळ्यांतच गेली आहेत. त्यामुळे डोळ्यांखालचा काळेपणा आणि सूज यावर सल्ला देणाऱ्यांची मला कधी वानवा पडली नाही.

पुरुषाने असल्या गोष्टीत फार लक्ष घालू नये असा आमच्याकडे रिवाज आहे. पण पन्नाशी जवळ आली की लोक तोंडावर बोलायला लागतात. लग्नाला गेलं की कुणीतरी हळूच बाजूला घेऊन ‘तब्येत बरी आहे ना?’ विचारतं. एकदा बाजारात ओळखीच्या भाजीवालीने सुटे पैसे परत देता देता विचारलं, ‘दादा, रोज घेता का?’ मी पीत नाही. तिला तसं सांगितलं, तर तिने ‘असू दे, असू दे’ म्हणून वर चार मिरच्या जास्त टाकल्या.

रसायनी-मोहोपाडा भागात या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे : कंपनी. केस गळाले, कंपनी. पोराला खोकला, कंपनी. डोळ्यांखाली काळं, ते तर कंपनीच. हवेबद्दलच्या सगळ्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही, रात्रीचा वास आमच्याही नाकात जातो. पण या एका गोष्टीचं खापर मला कंपनीवर फोडता येत नाही, कारण घरातच उलटा पुरावा आहे. माझे वडील सत्तरच्या दशकात एचओसीत लागले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही १९६०मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. तिच्यामागून इथे कॉलनी आली, शाळा आली, बाजार वाढला. २०१७मध्ये केंद्र सरकारने इथले प्लँट बंद करण्याचा निर्णय घेतला, एक तेवढा इस्रोसाठी राखून. वडील त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते. त्यांचं पहिलं ओळखपत्र आईने जपून ठेवलं आहे. त्यातला फोटो कामावर रुजू होतानाचा, म्हणजे एकही नाईट केलेली नसतानाचा. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा आहे आणि डोळ्यांखाली आज माझ्या आहेत तशाच दोन काळ्या कमानी आहेत. वडिलांची आई कर्जतकडची, आयुष्यभर भातशेतीत राबलेली. तिच्या एकुलत्या एका फोटोतही त्या दिसतात. धाकटा भाऊ बँकेत दहा ते सहा नोकरी करतो, त्यालाही आहेत.

हा हिशेब मला खरा कळला तो कारखान्याच्या डॉक्टरांमुळे. आमची दरवर्षी तपासणी होते : रक्त, लघवी, कान, फुप्फुसं, डोळे. एका वर्षी सगळं उरकल्यावर मी सहज म्हणालो, ‘डॉक्टर, हे डोळ्यांखालचं जरा बघा.’ मला वाटलं, हसतील. त्यांनी उठून मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, बोटाने डोळ्याखालची कातडी हलकेच खाली ताणली आणि मग समोरून टॉर्च मारला. म्हणाले, याला सगळे जण एकच नाव देतात, पण आत निरनिराळ्या गोष्टी असतात. कातडी ताणूनही तपकिरी रंग तसाच राहिला तर तो कातडीतलाच रंग, बहुतेक वेळा घराण्यातून आलेला. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत हे फार. ताणल्यावर निळसर, जांभळट छटा जास्तच उठून दिसली तर त्या खालच्या रक्तवाहिन्या. तिथली कातडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, अंगावरची सगळ्यात पातळ, आणि खाली चरबीचा थर जवळजवळ नाही, त्यामुळे आतलं वर दिसतं. आणि समोरून उजेड टाकल्यावर काळं नाहीसं झालं तर तो रंग नव्हेच, ती खळग्यात पडलेली सावली.

‘मग माझं काय?’

‘तुमचं तिन्ही थोडं थोडं. जास्त घराण्याचं.’

सुजेचा प्रश्न त्यांनी वेगळा काढला. डोळ्यांखाली पाणी साठतं किंवा चरबी पुढे येते. आडवं झोपल्यावर अंगातलं पाणी चेहऱ्याकडेही पसरतं आणि डोळ्याखालच्या सैल जागेत बसतं. उठून हिंडायला लागलं की काही तासांत उतरतं. डोळ्यामागच्या चरबीला अडवून धरणारा पडदा मात्र वयाप्रमाणे सैल होतो आणि ती चरबी पिशवीसारखी पुढे येते. ती दिवसभर तशीच राहते, सकाळ-संध्याकाळ फरक नाही. पाण्याची सूज असेल तर घरात काही करता येतं. चरबीच्या पिशवीला काकडी लावा नाहीतर सोनं लावा, उपयोग नाही, तिथे फार तर सर्जन.

घरी येऊन मी हे सांगितलं, पण उपाय सुचवणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही. आईचा भर जायफळावर. सहाणेवर दुधात उगाळायचं आणि रात्री लावून झोपायचं. (रात्री म्हणजे कधी, हा माझा प्रश्न तिने कायम दुर्लक्षित ठेवला.) मेहुणीचा बटाट्याचा कीस. बायकोची काकडी. मुलगी मोबाईलवर बघून वापरलेल्या चहाच्या पिशव्या आणि फ्रीजमधल्या चमच्यांवर आली होती. शिवाय बदामाचं तेल, कोरफड, गुलाबपाणी, दुधाची साय. स्वयंपाकघरातली एक फोडणी तेवढी माझ्या डोळ्यांखाली जायची राहिली होती.

आता मी काही लॅबचा माणूस नाही, पण दिवसातून अनेकदा सँपल घेऊन लॅबच्या खिडकीवर उभा राहणारा माणूस आहे. तिथली एक गोष्ट डोक्यात बसली आहे. ब्लँकशिवाय कुठल्याही आकड्याला तिथे किंमत नाही. सँपलला जे जे केलं ते सगळं ब्लँकलाही करायचं, फक्त तपासायची वस्तू त्यात नसते. मग दोघांत जो फरक उरेल तो त्या वस्तूचा. डोळे तर देवाने दोन दिलेलेच आहेत. मी उजवा सँपल ठरवला, डावा ब्लँक.

नाईटच्या आठवड्यात, दुपारी उठल्यावर. उजव्या डोळ्यावर फ्रीजमधला बटाट्याचा कीस मलमलीच्या फडक्यात गुंडाळून, डाव्यावर तसंच फडकं नुसतं पाण्यात भिजवून त्याच फ्रीजमध्ये तेवढाच वेळ ठेवलेलं. दोन्ही दहा मिनिटं, उशीला टेकून. मग तोंड पुसून बायकोसमोर जायचं आणि कुठला डोळा बरा दिसतो ते तिने सांगायचं, कुठल्यावर काय होतं ते तिला न सांगता. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘अहो, मला दुसरी कामं नाहीत का?’ ती आशा सेविका आहे, दुसरी कामं खरंच भरपूर असतात. पण नंतर तिलाही त्यात गंमत वाटायला लागली. मुलगी एकाच बल्बखाली, एकाच जागी उभं करून फोटो काढायची.

बटाट्याचा निकाल : दोन्ही डोळ्यांची सूज उतरली, सारखीच. काकडीचा निकाल तोच. म्हणजे काम थंडपणाने केलं होतं, बटाटा आणि काकडी नुसते सोबत आले होते. हे मला पटवून द्यावं लागलं नाही. गारव्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतून पाझरणारं पाणी कमी होतं. त्यात दहा मिनिटं डोकं वर करून पडलं की साठलेलं पाणीही थोडं हलतं. घटका-दोन घटका चेहरा ताजा दिसतो, मग पुन्हा ज्याचं त्याच्या जागी. चहाच्या पिशवीवर घरात दोन मतं पडली. मुलीला उजवा डोळा किंचित बरा वाटला, बायकोला नाही. चहातल्या कॅफिनने रक्तवाहिन्या आकसतात हे खरं आहे, तेव्हा मुलीच्या बाजूने थोडं बोलता येईल. पण चहाचा पिवळट डाग कातडीवर राहिला तो धुऊन काढावा लागला. बदामतेलाने कातडी मऊ झाली, कोरडेपणाच्या बारीक सुरकुत्या कमी दिसल्या, रंग होता तोच. जायफळ मी पाच मिनिटांत धुऊन टाकलं. मसाल्याचं तेल आहे ते, चुरचुरणारच. आई म्हणाली, ‘चुरचुरलं म्हणजे लागू पडतंय.’ प्लँटवर कुणी असं म्हणालं असतं तर त्याला सरळ आयवॉशखाली धरला असता, पंधरा मिनिटं.

बर्फ मात्र थेट लावू नये. शेजारच्या एकाने लावला होता, दोन दिवस लाल चट्टा घेऊन फिरत होता. फडकं हवंच.

काकडीबद्दल एक राग मनात आहे तो सांगून टाकतो. पावसाळ्यात डोंगराकडच्या ठाकरवाड्यांतून बाया पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. कंटोळी, टाकळा, शेवळं जेव्हा जी असेल ती, आणि लांब, जाड, पाण्याने भरलेल्या गावठी काकड्या. हातभर काकडी, मध्ये चिरली की वास घरभर. तिच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून मग टाकून द्यायच्या हे मला बघवत नाही. ओलं फडकं तेच काम करतं. काकडी खावी, आणि शक्यतो मीठ न लावता.

कारण मीठ हीच खरी गोष्ट निघाली. प्लँटवर दर तासाला लॉगशीट भरायची सवय असल्याने मी एका वहीत उठल्यावरची सूज आणि आदल्या जेवणात काय होतं एवढंच लिहायला लागलो. पावसाळा होता. समुद्रावरची मासेमारी बंद, म्हणून आमच्याकडे सुकी मासळी : जवळा, सुकट, सोडे, बोंबील, कधी खारा बांगडा. सोबत लोणचं, पापड. नाईटला कँटीनमध्ये रात्री दोनला चहाबरोबर फरसाण. वही थोडी भरल्यावर बघितलं, तर सुकटीची चटणी किंवा खारा बांगडा असलेल्या जेवणानंतर सूज हमखास, साधी डाळ-भात-भाजी असेल तेव्हा निम्मी. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, हे शाळेपासून माहीत होतं. ते पाणी माझ्या डोळ्यांखाली येऊन थांबतं हे वहीने सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचा, आणि तोही भाजी, भाकरी, लोणचं सगळ्यातलं धरून. आमच्या घरचा खारा बांगडा एका जेवणात त्यातलं बरंच संपवतो. मी सुकी मासळी सोडलेली नाही, रायगडातल्या माणसाला ते सांगूही नये. नाईटच्या आठवड्यात खात नाही, आणि जवळा करण्याआधी दोन पाण्यांतून धुऊन घेतो. फरसाण सोडलं. कोणी म्हणतं रात्री पाणी कमी प्या म्हणजे सूज येणार नाही. मी तसं करून पाहिलं नाही, रिॲक्टरच्या शेजारी आठ तास काम करून पाणी कमी पिणारा माणूस दुसऱ्याच कारणाने दवाखान्यात जाईल.

झोपेचं प्रकरण मोठं लांबलचक आहे. दिवसाची झोप रात्रीइतकी लागत नाही, शरीराचं घड्याळ उजेड बघून चालतं, आणि दिवसा कुकरच्या शिट्या, भंगारवाल्याचा भोंगा, दाराची बेल. स्वीडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मुलीने वाचून दाखवला होता. दहा माणसांचे फोटो नीट झोपेनंतर आणि मग रात्रभर जागल्यानंतर काढले आणि चाळीस जणांना दाखवले. जागलेल्या चेहऱ्यांवर सुजलेले डोळे, लाल डोळे, जास्त काळी वर्तुळं लोकांना बरोबर दिसली. पण डॉक्टरांनी एक गोष्ट निक्षून सांगितली होती. जागरणाने कातडीत नवा रंग भरत नाही, चेहरा फिकट पडतो आणि खालचं जास्त दिसायला लागतं. तेव्हा सलग आठ तास झोपून उठलो तरी आजीचा वारसा जाणार नाही. मी खिडकीला जाड काळं कापड लावलं, बेलची बॅटरी काढून ठेवली आणि एकाऐवजी दोन उशा घेतल्या. पालथं झोपायची सवय होती ती प्रयत्नाने मोडली. ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचा डोळा जास्त सुजतो, हेही वहीतूनच कळलं. दोन उशांचा फरक कुठल्याही लेपापेक्षा मोठा होता आणि त्याला पैसा लागला नाही, मान दोन दिवस दुखली तेवढीच.

डोळे चोळणं हाही एक उद्योग. गॉगल काढला की घामाने खाज सुटते आणि माणूस बाहीने करकरून डोळे पुसतो. सतत चोळून तिथली कातडी काळी पडते, ज्यांना धुळीची ॲलर्जी आहे त्यांची तर हमखास. आणि सकाळी सातला नाईट संपवून बाईकवर निघालो की ऊन समोरून तोंडावर. त्या उन्हानेही रंग गडद होतो. मी हेल्मेटची काच खाली घ्यायला लागलो, एवढंच. सनस्क्रीन मुलगी लावते, मला त्याचा कंटाळा आहे.

आता मुलीचं. वीस वर्षांची आहे, पनवेलला कॉलेजात जाते. तिच्या डोळ्यांखालीही काळं दिसायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीही मान डोलावली. पण एकदा सहज खिडकीपाशी तिची कातडी ताणून पाहिली, तर माझ्यासारखा तपकिरी रंग नव्हता, राखाडी-निळसर होता. बायकोने खालची पापणी उलटी करून बघितली आणि गप्पच झाली. आतली बाजू लाल दिसायला हवी, ती पांढरट गुलाबी होती. जिने चढताना मुलीला धाप लागायची, ते आम्ही ‘फोनवर जागते’ यात टाकून मोकळे झालो होतो. पाळी जास्त दिवस जाते हे तिने आईलाही नीट सांगितलं नव्हतं.

आरोग्य केंद्रात रक्त तपासलं. तिच्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. हिचं नऊच्याही खाली होतं. बायको गावभर लोहाच्या गोळ्या देत हिंडते, शाळा सोडलेल्या मुलींना निळ्या, गरोदर बायांना लाल, त्या घेतल्या की नाही ते विचारते, आणि घरातली मुलगी यादीत नव्हती. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. हा आकडा बायको प्रशिक्षणात ऐकून आली होती आणि मला तिने तो तेव्हाच सांगितलाही होता. आकडा घराबाहेरचाच वाटतो.

डॉक्टरांनी पाळीची तपासणी करायला लावली, गोळ्या दिल्या, आणि खाण्याबद्दल एक-दोन गोष्टी सांगितल्या. जेवणाला लागून चहा नको, चहा लोहाला अंगात जाऊ देत नाही. सोबत लिंबू, आवळा, पेरू असं काही आंबट असू दे, त्याने लोह जास्त शोषलं जातं. लिंबाचं ऐकून मला हसू आलं, कारण तेच लिंबू ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून डोळ्यांखाली चोळणार होती. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, कातडीचा साडेचार-पाचच्या. आमच्या प्लँटवर पीएच दोनचं काही हाताळायचं तर ग्लोव्ह्ज आणि गॉगल घातल्याशिवाय परवानगी मिळत नाही. त्यातून लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून आणखी काळी पडते. आमच्या घरचं लिंबू आता पोह्यांवर आणि डाळीत जातं. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, मळमळतं, त्यावरून थोडी कुरकुर झाली. हिमोग्लोबिन वर आल्यावरही डॉक्टरांनी गोळ्या लगेच थांबवू दिल्या नाहीत. अंगातला साठा भरायला पुढे महिने लागतात. धाप गेली, चेहऱ्याला रंग आला, डोळ्यांखालचा निळसरपणा बराच उतरला. थोडं उरलं आहे, ते माझं.

पण त्याच काळात घरात एक डबी आली, आणि खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळे. पांढरं प्लॅस्टिक, स्क्रूचं झाकण, आत मोत्यासारखं चमकणारं मलम. मैत्रिणीने दिलं, तिला कुठल्याशा पार्लरमध्ये मिळालं होतं. ‘पंधरा दिवसांत डोळ्यांखालचं जातं, बाबा, तिचं गेलं.’ मी डबी उलटी केली. आमच्या गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येक ड्रमवर नाव, बॅच नंबर, तारीख, धोक्याचं चिन्ह असतं. लेबल फाटलेलं असलं तरी स्टोअरवाला ड्रम उतरवून घेत नाही, मग ट्रक दिवसभर उभा राहिला तरी चालेल. या डबीवर काही म्हणजे काही नव्हतं. कंपनी नाही, घटक नाहीत, बॅच नाही, किंमतसुद्धा नाही. आणि ही अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीवर लावायची.

मी डबी ठेवून घेतली. भांडण झालं, ‘तुम्हाला सगळीकडे प्लँटच दिसतो’ हे ऐकून घेतलं. मग मी तिला अकोल्याची गोष्ट सांगितली, ती २०२३ साली पेपरात आली होती. अकोल्यातली एक कॉलेजची मुलगी, तिची आई आणि बहीण, एकाच घरातल्या तिघींना थोड्या काळात मूत्रपिंडाचा विकार झाला. घरात तिघींना एकदम होण्यासारखं काही सापडेना. शेवटी संशय गेला तो मुलगी पार्लरमधून आणून लावत असलेल्या आणि घरात वाटून घेतलेल्या क्रीमवर. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने ते तपासलं तर त्यात पारा निघाला, भरमसाट. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो आणि क्रीमची कीर्ती होते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे तोंडाला लावायच्या क्रीममध्ये नकळत मिसळलेला पारा दहा लाख भागांत एक भाग, यापेक्षा जास्त चालत नाही. कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. मग रक्तातली प्रथिनं लघवीवाटे गळायला लागतात, लघवीला फेस येतो, अंगात पाणी साठतं. आणि ते पाणी सगळ्यात आधी कुठे दिसतं, तर सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती.

यावर मुलगी काही बोलली नाही. मग विचारलं, ‘पारा नसला तर?’ नसला तर बहुतेक स्टेरॉईड असतं. त्यानेही आधी उजळतं, मग कातडी आणखी पातळ होते, बारीक लाल रेषा दिसायला लागतात, आणि डोळ्याजवळ बरेच दिवस लावलं तर आतला दाब वाढून काचबिंदू, शिवाय मोतीबिंदू. २०१८मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. दुकानातली चिठ्ठी निदान मागता येते. लेबल नसलेल्या डबीची चिठ्ठी कोण मागणार?

डबी बायकोने मागून घेतली आणि पिशवीत टाकली. तेव्हापासून ती घरभेटीला गेली की गोळ्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारते, तोंडाला काय लावता. बाया बाकी सगळं सांगतात, हे सांगत नाहीत, म्हणून ती आपली डबी पिशवीतून काढून दाखवते. मग आतून तसल्याच दोन-तीन डब्या बाहेर येतात. कारखान्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलेल्या खुणा तिने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतल्या आहेत : सूज दिवसभर न उतरणं, पायांवरही येणं, लघवीला फेस, सूज एकाच डोळ्याला आणि लाल, दुखरी, ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. थकवा, वजन वाढणं, थंडी वाजणं आणि चेहरा सुजणं असं एकत्र दिसलं तर थायरॉईड तपासायला सांगायचं.

मागच्या महिन्यात खालच्या आळीतल्या एका बाईचे डोळे रोज सकाळी इतके सुजलेले असायचे की बायको घाबरली. बिनलेबलची डबी घरात होतीच. ती त्या बाईला आग्रहाने आरोग्य केंद्रात घेऊन गेली, लघवी तपासली, रक्तदाब बघितला, रक्त दिलं. सगळं ठीक निघालं, प्रथिनं नाहीत. डॉक्टरांनी क्रीम बंद करायला लावलं आणि खाण्याची चौकशी केली. बाई बचत गटासाठी पापड लाटते. तुटके पापड विकता येत नाहीत, ते रोज रात्री घरातच संपतात.